वकिलाच्या ऑफिसात ऑटोमेशन बसवायचं तर कुठलं? क्लिओ, देशी सॉफ्टवेअर की साधी गुगल शीट

सोलापुरात दोन ज्युनियर, एक कारकून आणि दीड-दोनशे चालू फायली एवढं ऑफिस असेल तर माझं मत आधीच सांगतो, तारखांसाठी देशी सॉफ्टवेअर घ्या, चेक बाउन्सच्या मुदती गुगल शीटवर ठेवा आणि क्लिओसारखं वकिलांसाठीचं परदेशी पॅकेज सध्या नको. फायली पन्नासच्या आत असतील तर तेवढंही नको, कोर्टांच्या सरकारी ईकोर्ट्स सेवेचं फुकटचं अ‍ॅप पुरतं, फक्त त्यातल्या ‘माय केसेस’चा बॅकअप काढून ठेवत जा, कारण ती यादी मोबाईलमध्येच असते, मोबाईल गेला की यादी गेली.

क्लिओचं वर्कफ्लोचं काम खरंच देखणं आहे. फाईलची स्टेज बदलली की ठरवलेली कामांची यादी आपोआप लागते, कोणतं काम कुणाकडे, कधीपर्यंत, सगळं. मी ट्रायलमध्ये दिवाणी दाव्याचं टेम्पलेट बनवलं होतं, समन्स बजावलं की कैफियतीचे, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराचे, ३० दिवस आणि मुदत वाढवून मागितली तर ९० ची हद्द, छान चाललं. पण कोर्टाच्या नियमांवरून तारखा काढायची त्यांची जी सोय आहे ती तिकडच्या कोर्टांसाठी, आपल्या कोर्टाची रोजची केसेसची यादी, म्हणजे बोर्ड, त्यात येत नाही, त्यामुळे रोजची पुढची तारीख कारकुनानंच हातानं भरायची. वर पैसे डॉलरमध्ये, दर माणशी, दर महिन्याला.

देशी सॉफ्टवेअर इथं पुढे जातं. केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र नंबर) टाकला की ईकोर्ट्सवरून पुढची तारीख आणि स्टेज उचलली जाते, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटच्या केसेस एकाच यादीत दिसतात. ऑगस्ट २०२५ पासून आपली हायकोर्टाची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आलीत, त्यामुळे हायकोर्टाचा बोर्डही त्यात येतो का ते घेण्याआधी विचारा.

पण एक अनुभव सांगतो. आम्ही पक्षकाराला तारखेचा व्हॉट्सअ‍ॅप आपोआप जाईल असं लावलं होतं. कोर्टात तारीख बदलली, साईटवर नोंद व्हायला वेळ लागला, तोवर जुन्या तारखेचा मेसेज गेलेला आणि अक्कलकोटकडच्या गावातली एक वयस्कर बाई पहाटेच्या एसटीनं येऊन दुपारपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यात बसून राहिली. तिचा तो दिवस, ती मजुरी कुणी भरून देत नाही. तेव्हापासून मेसेज आधी कारकुनाकडे येतो, तो रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाची रोजची नोंद, बघतो, मग पाठवतो. मंजुरीची ही मधली पायरी लावता येत नसेल तर ते सॉफ्टवेअर घेऊच नका, बाकी फीचर कितीही असू देत.

आता १३८, म्हणजे चेक बाउन्सचं कलम. टॉवेल-चादरीच्या धंद्यातले चेक परत येतात तेव्हा आमच्याकडे या केसेस येतात, आणि ऑटोमेशनची खरी परीक्षा इथंच होते. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, ते गेले की पुढं एक महिन्यात फिर्याद. बहुतेक टेम्पलेटं दोन ठिकाणी फसतात. एक म्हणजे नोटीस पाठवल्याच्या तारखेपासून १५ मोजतात, खरं मोजायचं मिळाल्यापासून, म्हणजे पोस्टाचं ट्रॅकिंग बघून तारीख माणसानंच भरायची. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची, कायद्यात ‘एक महिना’ आहे आणि सॉफ्टवेअर ३० दिवस मिळवतं. समजा नोटीस २७ जानेवारी २०२६ ला मिळाली, १५ दिवस ११ फेब्रुवारीला संपले, १२ ला फिर्यादीचं कारण घडलं, तर शेवटचा दिवस १२ मार्च. ३० मिळवलेत तर स्क्रीनवर १४ मार्च येतं. दोन दिवस उशीर, मग विलंबमाफीचा अर्ज, पुरेसं कारण दाखवायचं, आणि पक्षकाराला काय सांगणार की कॉम्प्युटरनं चुकवलं?

शीटमध्ये हे एका फॉर्म्युल्यात सुटतं, ३० मिळवण्याऐवजी ईडेट (EDATE) वापरायचं, ते कॅलेंडरचा महिना मोजतं. त्यावर शीटला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचा, म्हणजे अ‍ॅप्स स्क्रिप्टचा रोज सकाळी सातचा ट्रिगर लावला की दहा दिवस, पाच दिवस, दोन दिवस आधी मेल येतो. फुकटच्या जीमेलवर स्क्रिप्टनं दिवसाला १०० जणांनाच मेल जातो, आपल्याला तेवढं भरपूर झालं. शीटची कमजोरी वेगळीच आहे, जो ज्युनियर ती बनवतो तो स्वतःची प्रॅक्टिस सुरू करून गेला की स्क्रिप्टला कुणी वाली राहत नाही. म्हणून ती ऑफिसच्याच अकाउंटवर बनवा, पक्षकारांची माहिती कुणाच्या खासगी जीमेलवर असणं तसंही बरोबर नाही.

देशी कंपनीचा माणूस डेमोला आला की त्याला १३८ चं टेम्पलेट उघडायला लावा, नोटीस मिळाल्याची तारीख २७ जानेवारी २०२६ टाका आणि फिर्यादीची शेवटची तारीख काय येते ते त्याच्यासमोरच बघा.