‘शून्य शुल्क’वालं पैसे पाठवायचं अ‍ॅप: पाचपैकी तीन तारे

परदेशातून घरी पैसे पाठवायला हेच अ‍ॅप वापरतेय. नाव घेत नाही, कारण या धंद्यात बहुतेकांचं गणित सारखंच.

पैसे बहुधा त्याच दिवशी पोचतात आणि बटण दाबण्याआधी घरच्यांच्या हातात नेमके किती पडणार ते दिसतं. तारे यासाठी.

आता ते ‘शून्य शुल्क’. चलनाचा बाजारातला दर आणि अ‍ॅपचा दर शेजारी ठेवून बघा. दोन टक्क्यांचा फरक असला की 200 डॉलरमागे चार डॉलर गेलेच, फक्त पावतीवर त्यांना रकाना नाही. रक्कम मोठी असली की दर लगेच सुधारतो! म्हणजे कमी कमावणाऱ्याला जास्त कात्री. 200 डॉलर पाठवायचा जगभरातला सरासरी खर्च अजून सहा टक्क्यांच्या आसपास आहे. 2030 पर्यंत तो तीन टक्क्यांच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे, आणि ते त्यांनी विषमता कमी करण्याच्या कलमात घातलंय. योग्यच केलं.

रेट अलर्ट हे यांचं लाडकं फीचर. घरचं चलन घसरलं की फोन वाजतो: ‘आत्ताच पाठवा, उत्तम दर!’ पण दराची वाट बघायला गाठीला पैसे लागतात. माझ्यासोबत काम करणारी एकजण पगाराच्या संध्याकाळीच पाठवून मोकळी होते; तिकडे घरभाडं थकलेलं असतं. तिने अलर्ट घेऊन काय करायचं?

शिवाय हा ‘उत्तम दर’ घरी पोचेपर्यंत त्याच घसरणीने बाहेरून येणारं इंधन, औषधं चढलेली असतात. आई म्हणाली, “जास्त आले खरे, पण उरलं काहीच नाही गं.” आमच्याकडे निदान जास्त आले तरी. ज्यांचं बाहेर कुणीच नाही, त्यांच्या वाट्याला नुसती महागाई. मेक्सिकोचा पेसो 1994 च्या डिसेंबरात कोसळला, त्यानंतरच्या दोन वर्षांत तळातल्या दहा टक्के घरांच्या जगण्याच्या खर्चातली वाढ वरच्या दहा टक्क्यांच्या वाढीच्या सुमारे दीडपट होती, असं एका अभ्यासात निघालं. गरिबाचा पैसा सेवांपेक्षा वस्तूंवर जास्त जातो, चलन घसरलं की वस्तूच जास्त महागतात, आणि त्यातही स्वस्तातला मालच जास्त महागला. त्याहून स्वस्त काय घेणार?

दरातल्या फरकातून घेतलेलं मार्जिन वेगळं का दाखवत नाही, असं कस्टमर केअरला विचारलं. उत्तर: ‘आमचे दर स्पर्धात्मक आहेत.’ बरं. तूर्त अ‍ॅप ठेवलंय, पण पाठवण्याआधी आणखी दोन ठिकाणी ‘हातात किती पडणार’ एवढंच बघते. शुल्काच्या रकान्याकडे ढुंकूनही बघत नाही.