फेन कोर्ट, लंडन : आधी नावाचा अर्थ समजून घ्या, मग जा (४/५)

फेन कोर्टमधलं 'गिल्ट ऑफ केन' हे गुलामांच्या व्यापाराची आठवण देणारं शिल्प फेन्चर्च स्ट्रीट स्टेशनपासून चालत जवळ आहे, तरी मी दोनदा पुढे निघून गेले. उंच इमारतींमधली बोळ दिसली की सरळ आत शिरा. तिकीट नाही. रांग दिसली तर ती शेजारच्या गच्चीवरच्या बागेसाठी असते, या शिल्पासाठी नव्हे.

आत ग्रॅनाइटचे १७ खांब आहेत. पहिल्यांदा वाटलं, टेकायला केलंय काहीतरी. मग कळलं, हा ऊस आहे. समोर एक चौथरा. चर्चमधलं प्रवचनाचं व्यासपीठ म्हणा, नाहीतर माणसांचा लिलाव पुकारणाऱ्याची जागा म्हणा. तो दिसला की खांबांची गर्दी होते. ते ऐकणारे भाविक, बोली लावणारे, की ज्यांच्यावर बोली लागली ते? मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

सगळी गंमत नावात आहे (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण असो). 'गिल्ट ऑफ केन'. गिल्ट म्हणजे सोन्याचा मुलामा, सरकारी रोख्यांनाही तेच म्हणतात आणि कानाला ऐकू येतो तो अपराध. केन म्हणजे बायबलमधला भावाचा खून करणारा, आणि कानाला ऐकू येतो तो ऊस. शिल्प मायकेल विसोकी यांचं, खांबांवर कोरलेले शब्द कवी लेम सिसे यांचे. त्यात शेअर बाजाराची भाषा आणि बायबलच्या जुन्या करारातली भाषा एकमेकींत मिसळलेली. गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणाऱ्या १८०७ च्या ब्रिटिश कायद्याला दोनशे वर्षं झाली त्यानिमित्त हे उभारलं आणि २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टूटूंनी त्याचं अनावरण केलं. जागाही नेमकी. गुलाम वाहणाऱ्या जहाजांचे विमे उतरवणारं लॉइड्स इथून जवळच आहे. त्यांनी २०२० मध्ये माफी मागितली.

एक तारा कापला तो वाचण्याच्या त्रासासाठी. खांबाभोवती फिरत, मान वाकडी करून वाचावं लागतं, आणि चष्मा असूनही काही ओळी माझ्या हाती लागल्या नाहीत.

वेळ असेल तर पुढे डॉकलंड्सच्या संग्रहालयात जा, तेही मोफत. वेस्ट इंडीजची साखर ठेवायला बांधलेल्या गोदामातच साखर आणि गुलामगिरीचं दालन आहे. बाहेर रॉबर्ट मिलिगन या मळेवाल्याचा पुतळा होता, तो जून २०२० मध्ये काढला.

फेन कोर्टला शनिवारी गेलात तर शांतपणे वाचता येईल. मी मात्र कामाच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत जा म्हणेन. आम्ही गेलो तेव्हा खांबांना टेकून सँडविच चाललं होतं आणि चौथऱ्यापाशी एक सुटातला माणूस फोनवर कसल्यातरी टक्क्यांची घासाघीस करत होता. सूनबाई म्हणाली, "आई, उभ्या राहा तिथे, फोटो काढते." म्हटलं, "थांब, त्याचा सौदा होऊ दे."