काउंटी जेलच्या सेवा: नऊ महिने बाहेरून वापरल्यानंतर

टेक्सासमधल्या एका मध्यम आकाराच्या काउंटी जेलचा फोन, पैशांचं खातं, मुलाखत (म्हणजे कैद्याची भेट), औषधांची व्यवस्था आणि टपाल हे सगळं नऊ महिने बाहेरच्या बाजूनं वापरून झाल्यावरचा हा अभिप्राय. आत कोण होतं आणि कशासाठी, ते इथे येणार नाही. काउंटीचं नावही नाही. टेक्सासात २५४ काउंट्या आहेत. बारीकसारीक नियम वेशीगणिक बदलतात, सांगाडा मात्र तोच. थोडक्यात मत हवं असेल तर: बऱ्याच गोष्टी मिळतात, पण मागितल्याशिवाय काहीच मिळत नाही, आणि तोंडी मागितलेलं कुणी मोजत नाही.

आधी प्रिझन आणि जेल यांतला घोळ मिटवू. प्रिझन राज्याचं, मोठ्या शिक्षा झालेल्यांसाठी. काउंटी जेल शेरिफच्या ताब्यात, आणि शेरिफ दर चार वर्षांनी मतं मागून निवडून येतो. आत बहुतांश कच्चे कैदी असतात (देशभरातल्या अशा जेलांत साधारण ७० टक्के लोकांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नसतो), बाकी एक वर्षापर्यंतची शिक्षा भोगणारे. दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला गुन्हा टेक्सासात क्लास बी, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांतला मधला दर्जा: किमान ७२ तास, जास्तीत जास्त १८० दिवस, तेही काउंटीतच. इथल्या आपल्या मराठी मंडळींची जेलशी ओळख होते ती बहुधा अशाच एखाद्या शुक्रवारी रात्री.

बुकिंगला, म्हणजे आत घेतानाच्या नोंदणीला, अर्धा दिवस धरा. झडती, वस्तूंची यादी, फोटो, बोटांचे ठसे, तब्येतीची प्रश्नावली, मग कुठल्या बराकीत टाकायचं त्याचं वर्गीकरण. मोबाइल पाकिटात सीलबंद होतो आणि त्याच्याबरोबर सगळे नंबरही जातात. म्हणून घरातला एक नंबर तोंडपाठ असावा. तब्येतीची प्रश्नावली लवकर उरकावी म्हणून लोक सगळ्याला "नो" म्हणून मोकळे होतात. त्याची किंमत पुढे औषधांच्या वेळी मोजावी लागते.

माणूस आत आहे की नाही, ते जेलच्या वेबसाइटवरच्या यादीत दिसतं. आपली नावं तिथे हमखास फसतात. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं, लायसन्सवर वडिलांचं नाव मधल्या नावात जातं आणि बुकिंगवाला तिसरंच काहीतरी टंकतो. पूर्ण नाव टाकून "कुणी सापडलं नाही" आलं तर घाबरू नका. आडनावाची पहिली तीन अक्षरं आणि जन्मतारीख टाका. सापडल्यावर दोन नंबर दिसतील, एक माणसाचा कायमचा आणि एक या वेळच्या बुकिंगचा. पैसे आणि पत्रं कुठल्या नंबरावर जातात ते विचारून घ्या, कारण चुकीच्या नंबरावर गेलेले पैसे परत यायला इथे तीन आठवडे लागले.

अटकेपासून ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. तिथे बॉण्डची, म्हणजे जामिनाची रक्कम ठरते. पुढे तीन वाटा. पूर्ण रक्कम रोख भरायची, म्हणजे खटला संपल्यावर (तारखा चुकवल्या नसतील तर) थोडं शुल्क कापून परत मिळते. किंवा बॉण्डवाल्याला साधारण १० टक्के द्यायचे, ते कायमचे गेले. किंवा न्यायाधीश पर्सनल बॉण्डवर, म्हणजे जातमुचलक्यावर सोडतात. ऐपत असेल तर रोखच भरा. शनिवारी पहाटे तीनला फोन उचलणारा मात्र बॉण्डवालाच असतो, आणि त्याचा धंदा त्यावरच चालतो. ही १० टक्क्यांची गोष्ट किती जीवघेणी ठरते ते टेक्सासनं २०१५ मध्ये पाहिलं. वॉलर काउंटीत सँड्रा ब्लँड हिचा बॉण्ड ५,००० डॉलर होता, सुटायला सुमारे ५०० हवे होते. अटकेनंतर तिसऱ्या दिवशी ती कोठडीत मृतावस्थेत सापडली.

परदेशी नागरिकासाठी बॉण्ड भरण्याआधीचा प्रश्न: "इमिग्रेशनचा होल्ड आहे का?" बुकिंगचे ठसे आपोआप केंद्र सरकारकडे जातात. आयसीईनं (इमिग्रेशनचे कायदे राबवणारं केंद्राचं खातं) आय-२४७ए हा होल्डचा कागद पाठवला असेल तर सुटण्याच्या वेळेपासून आणखी ४८ तासांपर्यंत धरून ठेवतात, आणि २०१७ च्या कायद्यानं टेक्सासातल्या जेलांना तो मानावाच लागतो. आधी न विचारता बॉण्ड भरला तर पैसे अडकतात आणि माणूस इमिग्रेशनच्या कोठडीत जातो. भारतीय वकिलातीला आपोआप कळवतात हीसुद्धा गैरसमजूत. सक्तीनं कळवायच्या देशांची अमेरिकेची यादी आहे, तीत भारत नाही. बाकीच्यांसाठी १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार कैद्यानं "कळवा" म्हटलं तरच कळवतात. टेक्सास ह्यूस्टनच्या वकिलातीकडे येतं. आणि गुन्हा कबूल करण्याआधी त्याचा व्हिसावर काय परिणाम होईल ते फौजदारी वकिलाला विचारा. ते सांगणं त्याचं कर्तव्यच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये ठरवून दिलंय.

आता पैसे. सगळ्यात जास्त वैताग इथे आहे. खिसा एक नाही, तीन आहेत. पहिला कैद्याचं खातं: यातून कमिसरी, म्हणजे भारतातल्या जेलांत कँटीन असतं तसं दुकान. दुसरा तुमच्या नंबराला जोडलेलं फोनचं प्रीपेड खातं. तिसरा टॅब्लेटचा: त्यावर संदेश, गाणी, सिनेमे. तिन्ही एकाच कंपनीच्या अॅपमध्ये शेजारी शेजारी दिसतात, पण एकातले पैसे दुसऱ्यात सरकत नाहीत. पहिल्या महिन्यात प्रत्येक जण चुकीच्या खिशात भरतो. दर वेळी भरणा शुल्क वेगळं, म्हणून दहा-दहा डॉलर पाच वेळा भरण्यापेक्षा पन्नास एकदा भरा. लॉबीतल्या यंत्रापेक्षा पोस्टाची मनीऑर्डर स्वस्त, पण जमा व्हायला आठवडा लागतो आणि बुकिंग नंबर लिहायचा राहिला तर परत येते.

आणखी एक मेख. कैद्याच्या खात्यावर आधीची बाकी असू शकते: डॉक्टरचं शुल्क, हरवलेलं ओळखपत्र. तुमच्या भरण्यातून आधी ती वळती होते. पन्नास भरून आत बावीस दिसले तर बहुधा हेच. कमिसरीची मागणी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या रात्रीपर्यंत. ती वेळ चुकली की पुढचा आठवडा. ज्याच्याकडे दमडी नाही त्याला साबण, टूथब्रश, कागद आणि तिकीट लावलेली दोन पाकिटं मिळतात, तीही अर्ज केल्यावर. कमिसरीचा नफा कैद्यांच्या सोयींवर, म्हणजे वाचनालय, कायद्याची पुस्तकं असल्या गोष्टींवर खर्चायचं बंधन टेक्सासच्या कायद्यात आहे. हिशोब माहिती-अधिकारात मागता येतो. सहसा कुणी मागत नाही.

फोन. आतून बाहेर येतो, बाहेरून आत जात नाही. पंधरा मिनिटांनी तुटतो. लागत नाही अशी तक्रार असेल तर दहातल्या आठ वेळा दोष तुमच्या मोबाइलचा असतो. अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय चालू असली की जेलचा फोन वाजतच नाही. कॉल वेटिंगचं "टुक" झालं की यंत्रणेला तिसरा माणूस जोडल्याचा संशय येतो आणि ती फोन कापते. तेही बंद करा. इंटरनेटवरचे फुकट नंबर चालत नाहीत. पुण्याच्या आईला दुसऱ्या मोबाइलवर स्पीकरवर धरणं हा सगळ्यांचा पहिला उपाय असतो, पण तो नियमभंग आहे. पकडलं तर तुमचा नंबर बंद आणि आतल्या माणसाला शिक्षा.

दरांबद्दल: जानेवारी २०२३ च्या कायद्यानं एफसीसीला (दूरसंचारावर देखरेख करणारं केंद्राचं मंडळ) या फोनच्या दरांवर पूर्ण अधिकार दिला. जुलै २०२४ मध्ये एफसीसीनं मोठ्या जेलांना मिनिटाला ६ सेंट, सगळ्यात लहानांना १२ सेंट अशी मर्यादा घातली. २०२५ मध्ये अंमलबजावणी लांबवली आणि मग मर्यादाही वर सरकवल्या. तेव्हा जुन्या लेखांतला दर धरून बसू नका, खातं उघडताना पडद्यावर येतो तो वाचा.

आणि हे ठळक समजा: वकिलाचा नोंदवलेला नंबर सोडला तर प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. "आपण मराठीत बोलू, त्यांना काय कळतंय" हा भ्रम आहे. सरकारी वकिलाला भाषांतरकार मिळतो. त्या रात्री नक्की काय झालं, किती प्यायला होतास, हे फोनवर नको. जेवलास का, झोप लागते का, एवढंच बोला.

औषधं हा माझ्या मते सगळ्यात धोक्याचा भाग, आणि पहिले तीन दिवस कळीचे. घरून गोळ्या नेऊन दिल्या तर घेत नाहीत. जेलचा वैद्यकीय विभाग तुमच्या फार्मसीला फोन करून खात्री करतो, मग स्वतःच्या साठ्यातून देतो. आपल्याकडचा खास घोळ असा की निम्म्या घरांत औषधं भारतातून आणलेली असतात. अमेरिकी फार्मसीत त्यांची नोंदच नाही, म्हणजे खात्री कशाची करणार? शिवाय नर्सला ग्लायकोमेट, थायरोनॉर्म, टेल्मा ही नावं कळत नाहीत. मेटफॉर्मिन, लेव्होथायरॉक्सिन, टेल्मिसार्टन अशी मूळ नावं द्या, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, शेवटची गोळी कधी घेतली. एका पानावर नाव, जन्मतारीख, बुकिंग नंबर, आजार, औषधं आणि डॉक्टरचा फोन लिहून त्यांच्या फॅक्सवर पाठवा. हो, फॅक्स! ईमेल कुणी उघडत नाही. फोन केला की "गोपनीयतेमुळे काही सांगता येत नाही" असं उत्तर येतं. बरोबर आहे, पण त्यांना ऐकून घ्यायला मनाई नाही. "सांगू नका, फक्त लिहून घ्या" म्हणा आणि घेणाऱ्याचं नाव टिपून ठेवा. मानसिक आजार असेल तर तोही सांगाच. स्थानिक जेलांमधल्या मृत्यूंत आत्महत्या हे सगळ्यात मोठं एकेकटं कारण आहे. टेक्सासात कैद्याच्या मानसिक आजाराची विश्वासार्ह माहिती मिळाल्यापासून १२ तासांत शेरिफनं मॅजिस्ट्रेटला कळवायचं असतं, आणि ही माहिती घरचेही देऊ शकतात.

आतून डॉक्टरकडे जायला कैद्यानं टॅब्लेटवर किंवा चिठ्ठीवर अर्ज करायचा. शुल्क लागतं, पण पैसे नाहीत म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

जेवण तीनदा. दोन जेवणांत १४ तासांपेक्षा जास्त अंतर पडलं तर मध्ये काहीतरी द्यावं लागतं, असा टेक्सासचा नियम. नियम पाळतात, पण नाश्ता पहाटे चारला आणि रात्रीचं जेवण दुपारी साडेचारला, त्यामुळे रात्री पोटात कावळे. शाकाहारी ताट हवं तर जेलच्या धर्मगुरूकडे धार्मिक आहाराचा अर्ज करायचा. कैद्यांच्या धर्मपालनाला संरक्षण देणारा केंद्राचा कायदा २००० चा आहे, हिंदू-जैनांनाही तोच लागू. मंजुरीला इथे नऊ दिवस लागले. अर्जात "व्हेजिटेरियन" लिहिलं की अंडी येतात. चालत नसतील तर तसं लिहा. आणि ही चूक टाळा: धार्मिक आहार घेणाऱ्यानं कमिसरीतून चिकन शेवया मागवल्या की ती खरेदी पुरावा धरून ताट बंद करतात. साध्या दिसणाऱ्या शेवयांच्या मसाल्याच्या पुडीतही बरेचदा मांसाची पूड असते. पुडी फेकून देऊन शेवया खाणं वेगळं, पण यादीत काय मागवलं तेच बघतात.

मुलाखत: आठवड्याला किमान दोन, प्रत्येकी २० मिनिटं. २०१५ च्या कायद्यानं या भेटी समोरासमोर हव्यात, पण ज्या जेलांनी त्याआधीच व्हिडिओवर खर्च केला होता त्यांना सूट मिळाली. हे जेल त्यातलंच. म्हणजे गाडी हाकत जेलपर्यंत जायचं आणि तिथे पडद्यासमोर बसायचं. ते फुकट, घरून केलं तर पैसे पडतात. आधी कैद्यानं तुमचं नाव यादीत घालावं लागतं. घरून करायचं असेल तर दहा मिनिटं आधी आत शिरा, कारण उशीर झाला तरी वेळ आणि पैसे कापले जातात. मागे दुसरा माणूस चौकटीत आला की भेट संपली.

टपालाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पत्रं स्कॅन होऊन टॅब्लेटवर दिसतात, मूळ कागद नष्ट. मराठी पत्रं तपासणीत अडकून दहा-बारा दिवस उशिरा पोचतात. पुस्तकं मऊ बांधणीची आणि थेट दुकानातून.

तक्रार आधी जेलमध्ये, लेखी. तसं केलं नाही तर १९९६ च्या कायद्यामुळे पुढे केंद्रीय न्यायालयाचं दार बंद होतं. त्यानंतर टेक्सास कमिशन ऑन जेल स्टँडर्ड्स. १९७५ चं हे मंडळ जेलांची तपासणी करतं आणि अहवाल वेबसाइटवर टाकतं. त्यांचे मोजता येणारे नियम माहीत असले की तक्रारीला दात येतात: ४८ कैद्यांमागे एक पहारेकरी, तासातून एकदा प्रत्यक्ष फेरी, धोक्यातल्या कैद्यांसाठी दर अर्ध्या तासाला. "वागणूक वाईट" लिहून काही होत नाही. "अमुक तारखेला अमुक बराकीत रात्री दोन ते चार फेरी नाही" असं लिहिलं की उत्तर येतं.

सुटकेची वेळ कुणी सांगत नाही. बॉण्ड भरल्यावर चार ते बारा तास, आणि दार उघडतं ते बहुधा मध्यरात्रीनंतर. माणूस अटकेच्या वेळच्या कपड्यांत बाहेर येतो, म्हणून जॅकेट आणि फोनचा चार्जर घेऊन जा. खात्यातले उरलेले पैसे रोख न देता कार्डावर देतात. त्यावर दर आठवड्याला शुल्क पडतं, तेव्हा त्याच दिवशी काढून मोकळे व्हा. वस्तूंच्या पाकिटावर सही करण्याआधी यादीशी ताडून बघा. पासपोर्ट, लॅपटॉप किंवा गाडीची किल्ली त्यात नसेल तर बहुधा ती जेलकडे आलेलीच नसते, अटक करणाऱ्या शहर पोलिसांच्या मालखान्यात असते. तो वेगळा पत्ता, वेगळ्या वेळा, शनिवार-रविवार बंद, आणि मुदतीत नेलं नाही तर सामान लिलावात जातं.