पंप टायमिंगची तीन हत्यारं: स्वान नेक, डायल गेज आणि टायमिंग दिवा

डिझेल ट्रकमध्ये स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे बांधलेलं इंजिन गाडीत बसवल्यावर ‘इग्निशन टायमिंग’ म्हणून जे लावायचं ते पंपाचं टायमिंग. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन टॉपला पोचायच्या किती अंश आधी पंपाचा पहिला एलिमेंट (दर सिलिंडरसाठी एक असा बॅरल आणि त्यात सरकणारा प्लंजर) डिझेल दाबायला लागतो, एवढाच तो हिशोब. हिंगणघाटचा कापूस, वरुड-मोर्शीची संत्री, वणीचा कोळसा यावर आयुष्य काढलेल्या, इनलाइन (सगळे एलिमेंट एका ओळीत असलेल्या) पंपाच्या जुन्या गाड्यांसाठी बाजारात तीन हत्यारं मिळतात. तिन्हींचा इथे विचार केला आहे तो तालुक्याच्या गावातलं गॅरेज डोळ्यांसमोर ठेवून. तिथे पंप तपासायचा टेस्ट बेंच नसतो आणि पंप दुरुस्त करणारा पन्नास-साठ किलोमीटरवर असतो.

कॉमन रेलच्या (एकाच रेलमधून सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या) गाड्यांना यातलं काहीच लागत नाही. तिथे डिझेल कधी सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. रेलच्या पाइपांना उगाच पाना लावू नये.

स्वान नेक पाइप: सर्वात आधी हाच

बगळ्याच्या मानेसारखा वाकवलेला हा ६ मिमीचा पाइप. एका टोकाला पंपाच्या होल्डरवर (नोझल पाइप जोडायच्या तोंडावर) बसणारा नट, दुसरं टोक मोकळं आणि खाली झुकलेलं. तयार मिळतो, पण भंगारातला सरळ, आतून स्वच्छ नोझल पाइप कापून वाकवला तरी तेच काम होतं. कापलेल्या तोंडाची बरी (कापताना उरलेली धारदार कड) घासून काढा, नाहीतर थेंब नीट सुटत नाही आणि सगळा खेळ त्या थेंबाचाच आहे.

आधी पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपवर आहे याची खात्री करा. टाटा ६९७ सारख्या सहा सिलिंडरच्या इंजिनात (९७ मिमी बोअर, १२८ मिमी स्ट्रोक, फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४) सहाव्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) हलते असले, म्हणजे एक व्हॉल्व्ह मिटतोय आणि दुसरा उघडतोय, आणि पहिल्याचे दोन्ही ढिले असले, की पहिला कॉम्प्रेशनवर आहे. चार सिलिंडरला हेच चौथ्यावर पाहायचं. इथे गफलत झाली तर टायमिंग क्रँकच्या पूर्ण एका फेऱ्याने चुकतं. मग कितीही सेल्फ मारा, गाडी नुसता पांढरा धूर ओकते आणि बॅटरी बसते.

मग पहिल्या एलिमेंटचा होल्डर खोलून डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग बाहेर काढा, रिकामा होल्डर परत लावा आणि त्यावर स्वान नेक. व्हॉल्व्ह स्वच्छ डिझेलच्या वाटीत झाकून ठेवा. जिनिंगच्या हंगामात हवेत रुई उडते, तिचा एक तंतू व्हॉल्व्हच्या सीटवर बसला तरी तो सिलिंडर मिसिंग करतो. पंपाला डिझेल द्यायला हँड प्रायमर वापरू नका. दर धक्क्याला दाब बदलतो आणि थेंब फसवतात. दोन लिटरचा कॅन पंपाच्या हातभर वर टांगा आणि पंपाच्या गॅलरीतली (आतल्या डिझेलच्या पोकळीतली) एअर आधी काढून टाका. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बांधा, स्टॉप लिव्हर ओढलेला नसावा.

आता इंजिन चालतं त्याच दिशेने, म्हणजे समोरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे, हाताने फिरवायचं. आधी पाइपातून धार पडते, मग ती बारीक होते, तुटते आणि थेंब सुरू होतात. मिनिटाला साधारण १५ ते २० थेंब, म्हणजे तीन-चार सेकंदांना एक, असा वेग आला की थांबा. प्लंजरने पोर्ट (डिझेल आत येण्याचं भोक) बंद केलं, डिलिव्हरी इथून सुरू. पुलीवर किंवा फ्लायव्हीलवर किती अंश दिसतात ते वाचा आणि मॅन्युअलशी किंवा इंजिनावरच्या प्लेटशी ताडून पाहा. शेजारच्या गॅरेजात ऐकलेला आकडा लावू नका. पंपाचा नंबर बदलला की अंशही बदलतो.

खूण ओलांडून पुढे गेलात तर तेवढंच मागे आणून वाचू नका. गिअरच्या दातांत ढिलाई असते, ती उलट्या बाजूला जाते आणि रीडिंग खोटं येतं. पाव फेरा मागे जा आणि पुन्हा पुढून या.

टायमिंग चढवायचं, म्हणजे डिझेल लवकर सोडायचं, तर फ्लँजवर (बोल्टसाठी लांबट खाचा असलेल्या कडेवर) बसणाऱ्या पंपाची बॉडी त्याच्या शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेला वळवा. उतरवायचं तर शाफ्टच्याच दिशेला. कपलिंग (पंपाच्या शाफ्टचा बोल्टने जोडलेला सांधा) असेल तर बोल्ट ढिले करून शाफ्ट त्याच्या चालीच्या दिशेने पुढे नेला की टायमिंग चढतं. पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे पंपाला १ अंश हलवलं की क्रँकवर २ अंश बदलतात. हे डोक्यात नसलेला मेस्त्री दोनदा-तीनदा कमी-जास्त करत राहतो.

फ्लँजची खाच संपेपर्यंत वळवूनही खूण जुळत नसेल तर दोष पंपाचा नाही, गिअरचा दात चुकला आहे. पंप गिअरला ६० दात धरले तर एक दात म्हणजे पंपावर ६ अंश आणि क्रँकवर १२. हा फरक खाचेत भरून निघत नाही, टायमिंग कव्हर खोलावंच लागतं.

व्हॉल्व्ह परत बसवताना होल्डर टॉर्क पान्यानेच आवळा. जास्त आवळला तर बॅरल दबतो, रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) अडकते आणि सुरू झालेलं इंजिन आवरेनासं होऊ शकतं. आवळल्यावर रॅक हाताने मोकळी सरकते का ते पाहूनच सेल्फ मारायचा.

दोष एकच. पंपाचं तोंड उघडावं लागतं आणि धुळीच्या गॅरेजात ती खरी जोखीम आहे. तरीही अचूकपणात याला तोड नाही.

डायल गेज: इंजिन गाडीत बसवायच्या आधी

स्वान नेकने पंपाची बाजू कळते, पण ज्या खुणेशी ती ताडायची ती खूणच खोटी असेल तर? रिबोर करून (सिलिंडर आतून कापून मोठे करून) आलेल्या इंजिनात हे नेहमी घडतं. पुली दुसऱ्या इंजिनाची लागलेली असते. डॅम्परवाली पुली असेल तर रबरावरची बाहेरची रिंग सरकलेली असते. अशा खुणेवर लावलेलं टायमिंग कागदावर बरोबर असतं आणि ठोका तसाच राहतो.

म्हणून हेड बसवायच्या आधी खरा टॉप शोधावा. त्यासाठी ०.०१ मिमी वाचणारा डायल गेज आणि चुंबकी स्टँड लागतो. स्टँड ब्लॉकवर चिकटवा आणि सुई पिस्टनच्या मध्यावर, पिस्टन पिनच्या रेषेत टेकवा. कडेला टेकवली तर पिस्टन डोलतो तेही रीडिंगमध्ये येतं. टॉप नजरेने किंवा बोटाने शोधू नका. १२८ मिमी स्ट्रोकच्या इंजिनात टॉपच्या आधीच्या २ अंशांत पिस्टन जेमतेम ०.०५ मिमी चढतो, बोटाला तो उभाच वाटतो. टॉपच्या अलीकडे पिस्टन १ मिमी खाली असताना पुलीवर एक रेघ मारा, पलीकडे १ मिमी खाली आला की दुसरी. दोन्हींचा बरोबर मध्य म्हणजे खरा टॉप.

रेघ खडूची नको, सुईने ओरखडा. २०० मिमी व्यासाच्या पुलीवर १ अंश म्हणजे फक्त १.७५ मिमी. खडूची रेघच दीड-दोन अंश जाड असते.

मितुतोयो या जपानी कंपनीचा गेज वर्षानुवर्षं टिकतो, पण या कामाला तेवढाच हवा असं नाही. स्वस्त गेज घेताना दुकानातच सुई दहा वेळा दाबून सोडा. दर वेळी शून्यावर परत येत नसेल तर घेऊ नका. स्टँडची मान आवळल्यावरही झुकत असेल तर तोही परत करा. गेजपेक्षा स्टँडच जास्त फसवतो.

टायमिंग दिवा: शेवटी, आणि जमलं तर

पहिल्या नोझल पाइपला क्लिप लावायची, पाइप दाबाने फुगला की दिवा चमकतो आणि चालत्या इंजिनाची खूण दिसते. पंप उघडावा लागत नाही म्हणून मेस्त्री लोकांना हा भुरळ घालतो. पण तो एलिमेंटची सुरुवात दाखवत नाही, दाबाची लाट क्लिपपर्यंत पोचली तो क्षण दाखवतो. डिझेलमध्ये ही लाट सेकंदाला सुमारे १,४०० मीटर धावते. क्लिप पंपापासून ६० सेंमी दूर असेल तर ७५० आरपीएमवर जवळपास २ अंशांचा फरक इथेच पडतो. म्हणून दिव्याचा आकडा आणि थेंबाचा आकडा एकमेकांशी ताडू नका.

याचा खरा उपयोग तुलनेचा. थेंबाने टायमिंग लावून झालं की त्याच पाइपवर, त्याच जागी क्लिप लावून आकडा लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कपलिंग सरकलं का ते पाच मिनिटांत कळतं. पाइपचा रंग खरवडून, सरळ भागावरच क्लिप लावा. बेंडवर किंवा रंगावर लावली तर दिवा अधूनमधून चुकतो.

दोष टायमिंगचा की नोझलचा

टायमिंग चढलेलं असेल तर कडक ठोका येतो, सेल्फ मारताना इंजिन उलटा झटका देतं आणि असंच चालवलं तर हेड गॅस्केट, रिंगा आणि बेअरिंगवर बेतते. उतरलेलं असेल तर थंडीत पांढरा धूर येतो, लोडवर ओढ राहत नाही आणि इंजिन तापतं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांवर जातो, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट भरून चढायचा असतो, तेव्हा दोन-तीन अंशांची ढिलाईही पाणी उकळायला लावते. रेडिएटर उगाच बदनाम होतो.

पण ठोका म्हटलं की लगेच पंप वळवू नका. गाडी उभ्या चालीवर ठेवून एकेका नोझल पाइपचा नट चिंधी धरून ढिला करा. एकाच सिलिंडरवर ठोका बंद झाला तर ते नोझल अडकलं आहे, टायमिंगला हात लावू नका. सगळ्यांवर ठोका सारखाच राहिला तरच टायमिंगकडे वळा. नटातून सुटणाऱ्या धारेसमोर हात धरू नका, दाबाचं डिझेल कातडीत शिरतं.

पैसे एकाच हत्यारापुरते असतील तर डायल गेज आणि स्टँड घ्या, स्वान नेक भंगारातून बनवा. दिवा घेणार असाल आणि तो १२ व्होल्टचा असेल, तर २४ व्होल्टच्या गाडीवर तो दोनपैकी एकाच बॅटरीच्या दोन टोकांवर जोडा. दोन्ही बॅटऱ्यांवर एकदम जोडला तर पहिल्याच दिवशी जळतो.