शंभर मीटरवरच्या झोताचा अहवाल, आणि मनोरा जागेवर नाहीच

सह्याद्रीच्या पठारावर पवनचक्की उभारण्यासाठी पैसे एकत्र केलेल्या शेतकऱ्यांच्या एका गटाला एका सल्लागाराने अहवाल विकला. त्यात लिहिलं होतं: '१०० मीटर उंचीवर दोन वर्षांची प्रत्यक्ष मोजणी, आराखड्यासाठी कमाल झोत ३४ मीटर प्रति सेकंद, वर्ग तीनचं टर्बाइन चालेल.' झोत म्हणजे वाऱ्याचा काही सेकंदांचा जोरदार झटका; वर्ग तीन म्हणजे कमी वाऱ्याच्या जागेसाठी बनवलेलं यंत्र. पण वारा मोजणारा मनोरा जागेवर कधी उभाच राहिला नव्हता.

हे आकडेवारीच्या फायलीतच उघडं पडतं. १० आणि १०० मीटरच्या वेगांचा भागाकार केला तर प्रत्येक ओळीत १.३९ येत होता. उंची दहापट झाली की वेग किती वाढेल याचा अंदाज देणारं एक ठरावीक सूत्र आहे: दहाचा एक-सप्तमांश घात, म्हणजे हाच आकडा. म्हणजे खालचा वेग घेऊन सूत्राने वरचा काढला, मोजला नाही. खऱ्या वाऱ्यात हे गुणोत्तर दुपारी जमीन तापली की घटतं आणि रात्री वाढतं. झोत आणि सरासरीचं गुणोत्तरही सगळीकडे नेमकं १.४० होतं. मोजलेल्या वाऱ्यात ते दर दहा मिनिटांना बदलतं, वळवाच्या वादळात तर दोनच्याही वर जाऊ शकतं.

आणखी एक खूण. खालचा वारा रोज सकाळी नऊ-दहाला शिगेला पोचत होता. पठारावर तो दुपारी पोचतो. साडेपाच तासांचा हा फरक म्हणजे वेळ ग्रिनिचची. संगणकीय हवामान-प्रारूपाची तासाची आकडेवारी उतरवून घेतली आणि भारतीय वेळेत बदलायचंही राहिलं. अशा प्रारूपाचा एक चौकोन साधारण ३० किलोमीटरचा असतो. कड्यावर चढून वेग घेणारा वारा आणि वादळाचा तीन सेकंदांचा झोत त्या सरासरीत पुसले जातात.

३४ हा आकडा किती घातक आहे ते पाहा. बांधकामांवरील वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग ३) पुण्यासाठी मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे. तो १० मीटरवरचा, तीन सेकंदांचा, ५० वर्षांतून एकदा येणारा झोत. उंचीबरोबर वेग वाढण्याच्या त्याच सूत्रात टोकाच्या वाऱ्यासाठी एक-सप्तमांशाऐवजी ०.११ हा घातांक धरला तर सपाट जमिनीवरही १०० मीटरवर सुमारे ५० होतात. कड्यामुळे त्यात दहा टक्क्यांची भर पडली की ५५. वर्ग तीनच्या टर्बाइनची झोत सोसण्याची मर्यादा ५२.५ आहे. त्याच वर्गाचा ३७.५ हा आकडा दहा मिनिटांच्या सरासरीचा, झोताचा नव्हे. अहवालाने झोत ३७.५ शी ताडून 'सुरक्षित' असा शिक्का मारला होता. दोन वर्षांतला कमाल वारा ५० वर्षांचा म्हणून खपवला, हे तर वेगळंच. चुकीच्या वर्गाचं यंत्र निवडलं की पाती आणि पाया दोन्हींवर सोसवणार नाही असा भार येतो, आणि पैसे बुडतात ते शेतकऱ्यांचे.

अहवाल हाती आला की पीडीएफवर थांबू नका. डेटा लॉगरच्या (मनोऱ्यावर मोजणी नोंदवणाऱ्या यंत्राच्या) मूळ फायली मागा: दर दहा मिनिटांची सरासरी, प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती खालीवर झाला ते), कमाल आणि किमान. एकाच उंचीवर दोन वातमापक (वाऱ्याचा वेग मोजणारी उपकरणं) असतील तर वारा मनोऱ्याच्या पाठीमागून येताना एकाचा वेग पडलेला दिसलाच पाहिजे, कारण तो मनोऱ्याच्या सावलीत असतो. हा खड्डा कुठल्याच दिशेला सापडत नसेल तर मनोरा नव्हता असं धरा. वातमापकाच्या कॅलिब्रेशन (अचूकता तपासल्याच्या) प्रमाणपत्रावरचा अनुक्रमांक आणि उभारणीच्या वेळी काढलेल्या फोटोतला अनुक्रमांक एकच आहे ना, तेही जुळवा. हे सगळं हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.