गैरव्यवहाराची तक्रार: संस्थेतल्या माणसाकडे की बाहेरच्या हेल्पलाइनकडे?

आतला माणूस स्वस्त पडतो, पगार आधीच चालू असतो. पण तोच बिलं मंजूर करत असेल, तर खोट्या बिलाची तक्रार त्याच्याच टेबलावर जाते. हेल्पलाइनला दरवर्षी शुल्क मोजावं लागतं.

खरा प्रश्न विश्वासाचा आहे. दहा-पंधरा जणांच्या कार्यालयात 'गेल्या मंगळवारचं प्रवासाचं व्हाउचर' एवढ्या उल्लेखावरूनही तक्रारदार ओळखू येतो. हेल्पलाइन नाव झाकते. तपशील मात्र जसाच्या तसा पुढे गेला, तर झाकलेलं उघडं पडतं. संचालकांविरुद्धची तक्रार थेट विश्वस्तांकडे जाईल, हे करारात लिहून घ्याच.

व्हाउचर, कोटेशन, बँकेचा उतारा आतला माणूस त्याच दिवशी ताडून पाहू शकतो. हेल्पलाइन सहसा नोंद करून पुढे पाठवते, चौकशी संस्थेलाच करावी लागते. मुदत दोन्हीकडे हवी. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी युरोपीय संघाने काढलेल्या २०१९ च्या निर्देशातली मुदत कुठेही वापरण्यासारखी आहे: ७ दिवसांत पोच आणि त्यानंतर ३ महिन्यांच्या आत कारवाईची माहिती.

एकच कार्यालय असेल, तर रोजच्या हिशेबाशी संबंध नसलेला विश्वस्त नेमा. शाखा विखुरलेल्या असतील किंवा संशय वरिष्ठांवरच असेल, तर हेल्पलाइन घ्या.