जिगसॉ पझल घरात आठ महिने: परभणीहून वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत लेकीसाठी 500 तुकड्यांचं जिगसॉ पझल आणलं, म्हणजे सुटे तुकडे जुळवून चित्र पूर्ण करायचा खेळ. सध्या आमचं सातवं चालू आहे. शेजारच्या ताई आणि माझ्या शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, "घ्यावं का? लेकरं दोन दिवसांत कंटाळतील, पैसे वाया जातील." त्यांना तोंडी सांगून सांगून जे राहून जातं, ते इथं सविस्तर लिहिते.

आमचं घर परभणीत. हॉल एकच, त्यातच दिवाण, टीव्ही आणि मुलाचा अभ्यास. घरात आम्ही दोघं, मुलगा नववीत, लेक चौथीत, आत्याबाई आणि मामा. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्याबाईच म्हणतात. ते भूमी अभिलेखमधून मोजणीदार म्हणून रिटायर झाले. उभा जन्म शेतांचे नकाशे आणि हद्दी बघण्यात गेला. हे आधीच सांगते, कारण आमच्या घरात पझल टिकलं ते बरंचसं त्यांच्यामुळं.

पहिल्या दिवशी लेकीनं पेटी सतरंजीवर उलटी केली आणि चित्रातलं घर शोधायला बसली. अर्ध्या तासात रडवेली झाली. मामा दिवाणावरून बघत होते. ते म्हणाले, "आगं, आधी धुरे धर. धुरा नक्की झाल्याशिवाय मोजणी धरता येत नसते." धुरा म्हणजे शेताच्या हद्दीचा बांध. सरळ कड असलेले तुकडे तिनं वेगळे काढले. आमचं पझल 25 बाय 20 चं, म्हणजे चार कोपरे धरून कडेचे 86 तुकडे. मामांनी हा हिशोब तोंडी केला आणि तिला मोजायला लावलं. 84 भरले. उरलेले दोन पेटीच्या झाकणात अडकलेले निघाले. तेव्हापासून आमच्या घरात कडेच्या तुकड्याला धुराच म्हणतात, आणि नवीन पेटी उघडली की धुरे मोजल्याशिवाय पुढं जायचं नाही हा नियमच झालाय.

आता वापराचं बोलते. सगळ्यात मोठी अडचण जागेची. सतरंजीवर लावलं तर रात्री गाद्या घालताना मोडतं. सतरंजी गुंडाळून बघितली, सगळं सुटलं. मग ह्यांनी सुताराकडून प्लायचा उरलेला तुकडा आणला, साधारण 80 बाय 60 सेंटीमीटरचा, आणि चारी बाजूंनी बोटभर उंचीची पट्टी ठोकून घेतली. 1000 तुकड्यांचं पझल साधारण 70 बाय 50 सेंटीमीटर होतं, ते यात मावतं. झोपायच्या वेळी फळी दिवाणाखाली सरकवायची, दुसऱ्या दिवशी जेवणं झाली की बाहेर काढायची. माझ्या मते पझल घेण्याआधी फळी करून घ्यावी. रोज मोडून परत लावावं लागलं असतं तर आमचंही दुसऱ्या आठवड्यात माळ्यावर गेलं असतं.

तुकडे रंगाप्रमाणे लावायला खास ट्रे मिळतात म्हणे. आम्ही स्टीलची ताटं वापरतो. काठ असल्यामुळं तुकडा खाली जात नाही आणि एकावर एक ठेवता येतात. पाहुणे आले तर मात्र ताटं रिकामी करावी लागतात, त्यासाठी जुने मिठाईचे डबे ठेवलेत.

कोणतं घ्यावं? एकत्र बसायचं असेल तर 500 तुकड्यांचं. रात्री तासभर बसलं तर दहा-बारा दिवसांत होतं, आणि चौथीतल्या लेकरालाही संपेल असं वाटत राहतं. 1000 चं आम्हाला सात आठवडे पुरलं आणि मधे पंधरा दिवस कुणी फळी काढलीसुद्धा नाही. पहिलंच 1000 चं घेऊ नका. चित्रात वेगवेगळ्या गोष्टी असाव्यात, बाजार, गल्ली, जनावरं, म्हणजे ज्याला जे आवडेल ते त्यानं धरावं. आमच्याकडं लेक माणसं आणि जनावरं लावते, मुलगा अक्षरं आणि पाट्या. आत्याबाई बसत नाहीत. निवडलेली मेथी आत ठेवायला जाताना उभ्या उभ्या एक तुकडा उचलतात, लावतात आणि जातात. कित्येकदा तो आम्ही तासभर शोधत असलेलाच तुकडा असतो.

स्वस्तातलं एक ऑनलाइन मागवलं होतं, त्याचा अनुभव वाईट. पुठ्ठा पातळ, वरचा कागद कोपऱ्यातून सुटायचा, आणि तुकडे इतके सारख्या आकाराचे की चुकीच्या जागी पण बसायचे. आभाळाचा अख्खा पट्टा लावून झाल्यावर कळलं की तीन ओळी चुकल्या आहेत. एक तुकडा निघालाच नाही. विकणाऱ्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. चांगल्या पझलची एक साधी खूण सांगते. दोन तुकडे जोडा आणि एकाला धरून अलगद उचला. दुसरा लोंबकळून पडला नाही तर कटिंग चांगलं.

त्या हरवलेल्या तुकड्यावर लेक दोन दिवस नाराज होती. मग मुलानं मोकळ्या जागेच्या खाली पातळ कागद सरकवला आणि टोकदार पेन्सिलीनं कडा काढून घेतल्या. जाड लग्नपत्रिकेचे दोन थर चिकटवून तेवढा पुठ्ठा केला, ह्यांनी ब्लेडनं कापला आणि लेकीनं त्यावर कौलं रंगवली. लांबून कळत नाही. जवळून बघितलं तर मागच्या बाजूला 'चि. सौ. कां.' एवढी अक्षरं अजून दिसतात.

उन्हाळ्याची गोष्ट आपल्या भागातल्या लोकांनी नीट वाचा. मार्चपासून आमच्याकडं कूलर लागतो. फळी कूलरच्या समोरच होती. आठवड्याभरात तुकडे फुगले, बसवताना जोर लागायला लागला आणि लावलेला भाग मधून उचलला गेला. कूलरची हवा ओली असते, पुठ्ठा ती ओढून घेतो. फळी उलट्या भिंतीला नेली, वरून वर्तमानपत्र आणि त्यावर जड पुस्तकं ठेवली, तीन-चार दिवसांत बरंचसं सपाट झालं. पावसाळ्यात पेटी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवते. आणि पृष्ठभाग चकचकीत नको. ट्यूबलाइटचा उजेड परततो, रात्री रंगच दिसत नाहीत.

आता मामांच्या डोळ्यांचं. जानेवारीत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याआधी आमचं 1000 चं चालू होतं, तळं, डोंगर आणि वर मोठं आभाळ. आभाळाचं ताट मामांनी मागून घेतलं होतं, पण त्यांच्या हातून काही जुळत नव्हतं. ते चिडायचे नाहीत, फक्त लवकर उठून जायचे. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी खाली वाकू नका सांगितलं, म्हणून आम्ही फळी दोन स्टुलांवर ठेवली. बऱ्याच दिवसांनी ते येऊन बसले, आपलं ताट पुढं ओढलं आणि म्हणाले, "हे कुणी मिसळलं? यात दगडाचे तुकडे कसे काय आले?" मुलगा हळूच म्हणाला, "आजोबा, ते तुम्हीच लावलेत." त्यांनी एक तुकडा उचलला, खिडकीपाशी नेला, डोळ्याजवळ धरला, लांब धरला. "एवढा निळा होता का हा?" मग बसून करडे एका बाजूला आणि निळे एका बाजूला केले, जेवायला बोलवेपर्यंत. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, मोतीबिंदूत भिंग पिवळसर होत जातं, त्यातून निळा रंग मळकट दिसतो. आम्ही कुणीच हे ओळखलं नव्हतं. त्यांना आता कंटाळा येतो एवढंच वाटायचं.

मे महिन्यात भाच्याच्या घरून महाराष्ट्राच्या नकाशाचं जुनं लाकडी पझल आणलं, एकेक जिल्हा म्हणजे एकेक तुकडा. लेकीचं ते दहा मिनिटांत होतं, पण तुकडे 35 च भरले. पालघर नाही. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, त्याच्या आधीचं ते पझल. मामांनी मग परभणी आणि हिंगोली हे दोन तुकडे जोडून तळहातावर घेतले. "मी नोकरीला लागलो तेव्हा हे एकच होतं. मराठवाड्यात जिल्हे पाच. जालना 81 ला झाला, लातूर 82 ला, हिंगोली 99 ला. आपलं परतूर जालन्यात गेलं." नववीतला मुलगा, जो एरवी आजोबांशी 'हो-नाही' पलीकडं बोलत नाही, तासभर विचारत बसला: जिल्हा तुटला की नकाशे कोण बदलतं, साखळीनं मोजायचे म्हणजे कसं. त्यानंच कुठून वाचून सांगितलं की पहिली जिगसॉ पझल नकाशांचीच होती. 1760 च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा कारागीर होता. त्यानं नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि देशांच्या हद्दींवरून कापला, लेकरांना भूगोल शिकवायला. मामा म्हणाले, "म्हणजे आमच्यातलाच माणूस."

टीव्ही बंद झाला, मोबाइल सुटले, असं काही झालं नाही. मुलाचा मोबाइल शेजारीच असतो. पण हात तुकड्यात गुंतलेले असले की तो बोलतो. परीक्षेत गणितात कमी पडले हे त्यानं समोर बसून कधी सांगितलं नसतं, ते पाटीचं अक्षर शोधता शोधता सांगितलं. मीही मान वर न करता ऐकलं.

आमच्यात एकदा मोठं भांडणही झालं. ह्यांनी रात्री एकट्यानं बसून पूर्ण बाजार लावून टाकला. सकाळी लेक बघते तर तिची माणसं सगळी बसलेली. तेव्हापासून एकट्यानं रात्री दहापेक्षा जास्त तुकडे लावायचे नाहीत असं ठरलं.

आता मामा आणि आत्याबाई आषाढीला पंढरपूरला गेलेत. फळीवर नदीकाठचं गाव आहे, खालचा अर्धा भाग झालाय. आभाळाचे दीडेकशे तुकडे स्टीलच्या ताटात झाकून दिवाणाखाली ठेवलेत, मामा येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.